घोटकाकांकडे ठेवलेली एकादशी

घोटकाकांसमोर पाणी प्यायला ठाण्याच्या नौपाड्यातली भली भली माणसं कचरत. लग्नाच्या पंगतीत ते शेजारी येऊन बसले, तर माणसं जेवण संपेपर्यंत पाण्याच्या भांड्याला हात लावत नसत आणि हात धुवायला उठल्यावर नळाखाली ओंजळ धरून गुपचूप पीत. काका करत काहीच नसत. समोरच्याने भांडं तोंडाला लावलं की ते डोळे मिटत, मान जराशी डावीकडे कलती करत आणि घोट खाली उतरेपर्यंत तसेच राहत. मग डोळे उघडून म्हणत, "ठीक." कधीकधी काहीच म्हणत नसत. काहीच म्हणाले नाहीत, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या बाकड्यावर हजर असे.

ते आमच्या डॉक्टरांचे कंपाउंडर. खरं नाव हजेरीपुस्तकात असेल, आम्ही कुणी ते वापरलं नाही. डॉक्टर पोटाचे, म्हणजे घशापासून खालच्या सगळ्या रस्त्याचे. तळमजल्यावरच्या त्या दवाखान्यात बाहेर दोन बाकडी, आत हिरवा पडदा आणि दोहोंच्या मध्ये एका लाकडी खिडकीमागे काका उभे. उंच, सावळे, हाडकुळे, अंगात पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ. कान मात्र असे की देवाने अंगावरचं वाचवलेलं सगळं मांस तिथे लावलं असावं. दवाखाना कितीही भरलेला असला तरी त्या खिडकीपाशी कुजबुज आपोआप थांबायची.

मी अंधश्रद्धाळू बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. मी ठाण्यात एका कचेरीत टंकलेखिका होते, राहायला डोंबिवलीत. वडील लवकर गेलेले, घरात आई आणि मी दोघीच. दृष्ट काढणं, लिंबू-मिरची, अंगारे यांवरून मी आईला इतकं छळायची की ती बिचारी मी कचेरीत गेल्यावरच असली कामं उरकून घ्यायची.

तर त्या वर्षी आईला गिळताना छातीच्या हाडामागे टोचायला लागलं. आधी भाकरी टोचायची, मग भात, मग चहासुद्धा. "काही नाही गं, पित्त आहे," म्हणून ती आमसुलाचं सार करून प्यायची आणि त्याने आणखी जळलं की उंबऱ्यावर बसून छाती चोळायची. शेवटी मी तिला ओढतच नौपाड्यात नेलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघायला लावलं. अन्ननलिकेत, बरोबर मध्यावर, रुपयाएवढी जखम होती. अल्सर. डॉक्टर मोजकं बोलणारे. म्हणाले, "आठ आठवडे गोळ्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. मग पुन्हा दुर्बीण. मध्ये थांबायचं नाही. बाकीचं बाहेर सांगतील."

बाहेर काकांनी स्टीलच्या भांड्यात पाणी ओतलं आणि आईपुढे धरलं. "एकच घोट घ्या." आईने घेतला. काकांनी डोळे मिटले, मान कलली. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, "गोळी कोरडी गिळता तुम्ही. पडल्या पडल्या."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"पंधरा दिवसांतून एकदा," काका म्हणाले. "बरीच वर्षं."

मी नऊ वर्षांची असताना मला विषमज्वर झाला होता. एकविसाव्या दिवशी तेव्हाच्या डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा आईने देवापुढे डोकं टेकून सांगितलं होतं, पोर वाचली तर जन्मभर दोन्ही एकादशा निर्जळी करीन. पोर वाचली. तेव्हापासून महिन्यातले दोन दिवस आईच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं की तिचे गुडघे काही एकादशी पाळत नसत. ते त्याही दिवशी ठणकत. मग दुखण्याची गोळी ती नुसत्या थुंकीवर गिळायची, कारण थुंकी म्हणजे पाणी नव्हे, तिने व्रत मोडत नाही, असा तिचा शास्त्रार्थ होता. गिळून लगेच आडवी व्हायची. ती गोळी मध्येच चिकटून बसायची आणि तिथलं कातडं जाळायची. म्हणजे आईच्या छातीतली ती जखम माझ्या नावाची होती. हे कळलं त्या दिवशी परत येताना मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर रडू आलं असतं.

अशा डॉक्टरांकडे वीस वर्षं काढलेल्या माणसाला कोरड्या गोळीची जखम ओळखू येणारच, असं मी मनाला समजावलं. पण पंधरा दिवसांतून एकदा, हे त्याला कोणी सांगितलं? पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलंच. काका मूळचे खाडीपलीकडच्या एका गावातले, आगरी, घरची सगळी माणसं मिठागरावर राबलेली. मिठागरावर गोडं पाणी मडक्यांतून यायचं आणि उन्हातल्या माणसांना मोजून मिळायचं, माणशी चार घोट. वाटणारी त्यांची आजी डोळ्यांनी आंधळी होती. ती घोट कानाने मोजायची. कुणी मोठा घोट घेतला तर म्हणायची, हे दोन झाले. "तिचा कान मना आला," काका म्हणाले. एवढंच. मी पुढे काही विचारलं नाही, कारण ते बोलता बोलता माझ्या गळ्याकडे बघत होते आणि मी नेमका तेव्हाच आवंढा गिळला होता.

एरवी दवाखान्यात ते शुद्ध बोलत. मनातलं काही बोलायचं असलं की गावची भाषा येई आणि समोरची बाई 'बाय' होई. दवाखान्यातून निघताना आपल्याकडे कुणी 'येतो' म्हणत नाही, पुन्हा यायची वेळ नको म्हणून. काका ते म्हणायला लावत. "येतो म्हणा. अर्धी माणसं येत नाहीत म्हणून तर मरतात," असं सरळ तोंडावर सांगत. नवीन पेशंट दचकत. एक बाई तर औषध तिथेच टाकून पळाली होती, आणि काकांनी ते तिच्या घरी नेऊन दिलं होतं.

औषध किती दिवस, यावर त्यांचं एक बोलणं ठरलेलं असे. "दुखणं हे पाहुणं. चार दिवसांत जातं. जखम ही भाडेकरू. तिला निघायला दोन महिने लागतात. पाहुणा गेला म्हणून खोली रिकामी झाली असं समजू नका." नौपाड्यात निम्म्या घरमालकांचे भाडेकरूंशी दावे चाललेले, त्यामुळे हे उदाहरण सगळ्यांना लगेच पटायचं. पटायचं, पण पाळायचे थोडेच. पंधरा-वीस दिवसांत जळजळ थांबली की माणसाला वाटतं, बरे झालो, आता उगीच कशाला पोटात विष घालायचं. हे वाटणं काकांना जणू लांबूनच कळत असे.

त्यांच्या नमस्काराचीच मला जास्त भीती वाटे. रस्त्यात कुणी पेशंट भेटला की ते हात जोडून त्याचा दिवस सांगत. "नमस्कार, एकोणतीस." "नमस्कार, चव्वेचाळीस." वहीत न बघता, शंभरेक माणसांचे शंभर आकडे. छप्पन्न झाले की त्या माणसाला नुसतं हसून दाखवत. आमच्या ओळखीचे एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांनाही असाच अल्सर. एकदा मी आणि ते बोलत उभे असताना काका समोरून आले. मला म्हणाले, "बाईंचे चार," म्हणजे आईचा चौथा दिवस. हेडमास्तरांना नुसता नमस्कार केला, हसले नाहीत, आकडा सांगितला नाही. हेडमास्तर जरा वरमले. "दिवाळीपासून सोडल्यात गोळ्या," माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "अगदी ठणठणीत आहे मी." त्या महिन्यातच त्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनात, व्यासपीठावर, भाषण करता करता रक्ताची उलटी झाली. ते परत घरी आले नाहीत.

आईच्या सहाव्या दिवशी एकादशी होती. सातव्या दिवशी मी जळजळीवरच्या गुलाबी औषधाची बाटली आणायला गेले तर काका म्हणाले, "बाईंचे पाच."

"सात, काका."

"पाचच. परवा संध्याकाळची गेली नाही. काल दोन्ही नाहीत. दीड दिवस पडला म्हणजे मी दोन धरतो."

घरी येऊन आईला विचारलं. ती आधी कणीक मळत राहिली. मग म्हणाली की एकादशीला गोळी घ्यायची तर पाणी प्यावं लागतं आणि कोरडी गिळायची तर काका रागावतात, म्हणून घेतलीच नाही. आणि दशमीला संध्याकाळी विसरले. "एक दिवस नाही घेतली तर काय आकाश कोसळतं?" मी म्हटलं, व्रत सोड. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला नऊ वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

तीन आठवडे होत आले तशी आई भाकरी खायला लागली. चेहऱ्यावर तकाकी आली. मी खूश. आणि एके दिवशी दुपारी स्टेशनबाहेर भाजी घेताना समोर काका उभे राहिले. त्यांनी हात जोडले. मी आकड्याची वाट पाहिली. तो आला नाही. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग गर्दीतून निघून गेले.

मी भाजी तशीच टाकली, कचेरीत निरोपही न देता डोंबिवली गाठली. आई अंगणातल्या बायकांबरोबर कुरडया घालत होती, हसत होती. तिला आत आणून विचारलं तेव्हा तिने मेथीदाण्यांचा डबा पुढे केला. मेथीत सहा पांढऱ्या गोळ्या. तीन दिवसांच्या. "मला बरं वाटतंय गं," ती म्हणाली, "आणि उद्या एकादशीच आहे. म्हटलं, थांबवायचंच आहे तर आजच का नाही?" मी तिला नाही नाही ते बोलले. हेडमास्तरांचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कुरडया वाळत टाकायला परत गेली.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. सकाळी अकराच्या सुमाराला दार वाजलं. काका. हातात छत्री, पायात धुळीने भरलेल्या चपला. ते आमच्याकडे यापूर्वी कधी आले नव्हते. पत्ता केसपेपरवर होता, त्यामुळे घर सापडण्यात नवल नाही, असं मी लगेच मनात म्हटलं. पण दारात उभ्या उभ्या ते आईला म्हणाले, "आता थुंकी गिळलीस ती अडकली ना, बाय?" आणि आईचा हात छातीवर गेला.

ते पाटावर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"पाणी पिणार नाही मी," आईने आधीच सांगून टाकलं. "काका, तुम्ही मोठे आहात, तुमचा मान ठेवते. पण मी पाणी प्यायले आणि हिला काही झालं तर? तेव्हा काय कराल तुम्ही?"

मला वाटलं, आता काका तिची समजूत घालतील. असं काही नसतं म्हणतील. मी तर जिभेवर घेऊनच बसले होते. पण ते म्हणाले, "तिला काय होईल नाय होईल ते मना ऐकू येत नाय. तुझं येतं. जखम उघडी हाय. अशा आणखी दोन एकादशी केल्यास तर रक्त येईल."

आई अगदी लहान आवाजात म्हणाली, "मग मी करू तरी काय?"

"मना दे ते."

आईला कळलं नाही. मलाही नाही. काकांनी समजावून सांगितलं. त्यांच्या गावात आजारी माणसाचं व्रत दुसऱ्या कुणी धरायची रीत होती. बाळंतीण, म्हातारी, अंथरुणाला खिळलेलं माणूस, यांचा उपवास घरातलं कुणीतरी हातावर पाणी घेऊन उचलत असे. व्रत मोडत नाही, नुसतं घर बदलतं. शास्त्राला मान्य आहे, असंही त्यांनी आईसाठी जोडून दिलं. "तू पानी पी. तहान मी घेतो."

आईने बराच विचार केला. मग उठून पळी-पंचपात्र आणलं, कुंडीतलं तुळशीचं पान खुडलं. माझं नाव घेऊन तिने काकांच्या तळहातावर पळीभर पाणी सोडलं आणि काकांनी मूठ मिटली. मी बघत होते. पाणी मनगटावरून ओघळायला हवं होतं, तुळशीचं पान ओलं दिसायला हवं होतं. थोड्या वेळाने त्यांनी मूठ उघडली तर हात कोरडा होता. पान वाळलेलं. उन्हाळा होता, म्हणा.

मग काकांनी बाजूला ठेवलेलं पाणी आईला दिलं, मेथीतली एक गोळी पुसून हातावर ठेवली. ताठ बस म्हणाले. आई गेल्या कित्येक वर्षांत एकादशीला पाणी प्यायली नव्हती. तिने डोळे मिटून भांडं रिकामं केलं आणि भांडं खाली ठेवताना ती रडत होती. "अर्धा तास आडवी होऊ नकोस," काका म्हणाले. "आजपासून पुन्हा एक. मागचे सगळे गेले." आणि छत्री घेऊन निघाले. मी चहाचं विचारलं, तर म्हणाले, "आज कसा घेणार?"

त्यानंतरच्या एकादशीला मी मुद्दाम कचेरीच्या आधी दवाखान्यात गेले. आईला नऊ वाजता गोळी घ्यायला सांगून आले होते. काका पुड्या बांधत होते. ओठांवर पांढरा थर. बरोबर नऊला त्यांचे हात थांबले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली, खाली आली. तोंडात काही नव्हतं. तीन वेळा. "घेतली," ते म्हणाले आणि पुडी बांधायला लागले. संध्याकाळी मी आईला विचारलं, किती घोटांत घेतलीस? म्हणाली, तीन. आणि जरा थांबून म्हणाली, "मी एकादशीला एकटी पाणी पीत नाही गं आता. कुणीतरी माझ्याबरोबर गिळतंय असं वाटतं." मी तिला 'काहीतरीच काय' म्हटलं. पण त्या दिवसानंतर मी पुन्हा कधी घड्याळ लावून काकांसमोर उभी राहिले नाही.

डॉक्टरांना मी एकदा आडून विचारलं होतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "माझी औषधं बरी करतात. पण माणसं ती पुरी घेतात ती त्याच्यामुळे. याहून जास्त मी चौकशी करत नाही, तुम्हीही करू नका."

छप्पन्न दिवस झाले. दुर्बिणीत जखम पुरती भरलेली दिसली. डॉक्टर आईवर इतके खूश झाले की चार वाक्यं बोलले. गुडघ्यांची गोळी त्यांनी बंदच केली, लावायला तेल दिलं, आणि इथून पुढे कुठलीही गोळी पेलाभर पाण्याशिवाय घेतली तर दारात उभं करणार नाही म्हणाले. बाहेर आईने काकांपुढे पेढे ठेवले आणि हात पुढे केला. "आता माझं मला परत द्या."

"इतक्यात नको," काका म्हणाले. "जखम नवी भरलीय."

"मग किती दिवस ठेवणार?"

काकांनी डोळे मिटले. मान कलती केली, पाणी पिणाऱ्या माणसाचं ऐकावं तसं ऐकलं. फार वेळ. मग डोळे उघडून म्हणाले, "त्याचा आकडा येत नाय."

आई त्यानंतर आठ-नऊ वर्षं जगली आणि तेवढी वर्षं दर द्वादशीला पहाटे उठून काकांच्या पारण्याचा डबा करत राहिली. वरण-भात, अळूची भाजी, कधी घावन. तो दवाखान्यात पोचवणं माझं काम. मी कितीही कुरकुरले तरी काका डबा उघडून आधी वास घेत तेव्हा त्यांचा तो भीतिदायक चेहरा पार बदलून जाई, आणि मला त्या माणसाबद्दल अतोनात माया वाटे. वडील असते तर त्यांचा डबा मी इतक्या निगुतीने नेला असता की नाही, कोण जाणे. काका एकटेच राहत. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची हिंमत झाली नाही. एकदा आपणहून म्हणाले, "घरात दुसरं माणूस असलं की दिवसभर ऐकावं लागतं."

आई गेली ती हृदयाने, बसल्या जागी. शेवटपर्यंत तिला गिळताना कधी अडकलं नाही. मी काकांना कळवायला गेले तर ते खिडकीशी नव्हते, बाहेरच्या पायरीवर बसले होते. मी काही सांगायच्या आत म्हणाले, "सकाळपासून शांत हाय." दिवस झाल्यावर मी पुन्हा गेले आणि म्हटलं, "काका, आता ते व्रत सोडा. जिचं होतं ती गेली."

"त्यांचं होतं, पण तुझ्यासाठी होतं," ते म्हणाले. "तू तर हाईस."

"मग मला द्या."

"स्वतःसाठी स्वतः कसं धरशील? तसं नसतं, बाय." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थंड होता. मी जास्त ताणलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

पुढे डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. काका गावी गेले. मी दोन-तीनदा द्वादशीला डबा घेऊन गेले, मग ते अंतर, रिक्षा, रजा, यांत राहून जायला लागलं. पंच्याण्णव-शहाण्णवचा उन्हाळा असेल. नौपाड्यातल्या औषधाच्या दुकानात कळलं की काका गेले, महिना झाला. मी त्याच रविवारी रिक्षा केली. शीळफाट्याच्या अलीकडे आत वळल्यावर त्यांचं गाव. घराशी त्यांची पुतणी भेटली, मंजुळा; आधी डबा घेऊन आले तेव्हा ती कधी दिसली नव्हती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, अंगाने काटक. टँकर आला होता, ती दोन हंडे डोक्यावर घेऊन आली आणि दारात उतरवून घाम पुसत उभी राहिली. ओठ फुटलेले. मी मुंबईकडची, काकांच्या दवाखान्यात यायचे, एवढीच ओळख दिली.

तिने मला बसवलं, भरलेल्या हंड्यातलं गार पाणी दिलं, गूळ दिला. काका कसे गेले ते सांगितलं. शेवटचे दोन दिवस ते कुशीवर होते, उजवा कान वर करून. मी म्हटलं, "तुम्ही घ्या ना पाणी. उन्हातून आलात."

"मना नाय चालत आज. एकादशी हाय."

मी कॅलेंडर बघून निघाले नव्हते.

"काकांनी जाताना माझ्या हातावर पानी सोडलंन," मंजुळा म्हणाली. "एका पोरीसाठी हाय, बोलले. नाव नाय सांगितलं. किती दिवस ते पन नाय सांगितलं. दोन एकादशी झाल्या, ही तिसरी." ती अंगणात तापलेल्या उन्हाकडे बघत होती. मग एकदम माझ्याकडे वळली. "तुमी दवाखान्यात यायच्या. तुमाला ठावं असंल. ती पोर बरी हाय का आता? बरी आसंल तर मी सोडीन. जाम तरास होतं, ताई."

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. मला साधी सर्दीसुद्धा नव्हती. मीच ती, हे दोन शब्द होते. तिच्या पुढे बसून ते मी तोंडात जुळवलेसुद्धा. आणि मग मला आईचा आवाज आठवला, हिला काही झालं तर. मी, जिने उभं आयुष्य आईच्या लिंबू-मिरच्यांची टर उडवली, तोंड मिटून बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ दे चालू," मंजुळा म्हणाली, आणि मला रिक्षापर्यंत सोडायला उन्हात आली.